गिटारच्या लूप पेडलला माइक जोडायचाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लूपर म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं आणि त्यावर नवे थर चढवू देणारं पेडल. छोटे लूपर गिटार डोळ्यासमोर ठेवून बनवलेले असतात. आवाज आत यायला मोठ्या पिनेचं एक भोक, बाहेर जायला दुसरं, आणि मधे पायाने दाबायचं बटण. गाणाऱ्याला, बीटबॉक्स करणाऱ्याला किंवा बासरीवाल्याला त्यात माइक लावायचा असेल तर तो नक्की लावता येतो. पण मधे एक पायरी लागते, आणि बहुतेक तक्रारी ती पायरी गाळल्यामुळे येतात.

माझ्या माइकच्या केबलला गिटारसारखीच मोठी पिन आहे. ती सरळ लूपरमध्ये घातली तर काही जळेल का?

काही जळणार नाही. आवाजही येईल, पण शेजारच्या खोलीत कुणी बोलतंय इतका बारीक. तो नीट ऐकू यावा म्हणून अँप वाढवलात की आवाजाबरोबर मागचा 'सूं'ही वाढतो. साध्या लूपरवरचा नॉब रेकॉर्ड झालेल्या लूपचा व्हॉल्यूम कमीजास्त करतो, आत येणाऱ्या सिग्नलचा नाही. त्यामुळे तो कितीही फिरवला तरी मूळ अडचण तशीच राहते.

पिन बसते, मग आवाज बारीक का?

शुअर एसएम५८ हा सगळ्यांच्या ओळखीचा डायनॅमिक (वीज न लागणारा) माइक घेऊ. ९४ डेसिबलच्या आवाजाला तो साधारण १.९ मिलिव्होल्ट देतो. ओठ जाळीला टेकवून मोकळ्या गळ्याने गायलं तर जाळीपाशी ११० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, म्हणजे सुमारे १२ मिलिव्होल्ट. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप साध्या वाजवण्याला शंभरेक मिलिव्होल्ट सहज देतो, आणि जोरात स्ट्रम केलं तर पाचशेच्याही वर जातो. लूपरचं इनपुट या दुसऱ्या आकड्यांसाठी आखलेलं असतं. माइक त्यापेक्षा २० ते ३० डेसिबल खाली राहतो.

'इम्पिडन्स जुळत नाही म्हणून आवाज पडतो' असं नेहमी ऐकायला मिळतं. इम्पिडन्स म्हणजे सिग्नलला होणारा, ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा. ते म्हणणं अर्धंच खरं आहे. दीडशे-तीनशे ओहमचा माइक एक मेगाओहमच्या इनपुटला लावला तर व्होल्टेज वाया जात नाही. व्होल्टेज मुळातच कमी असतं. ते लूपरच्या आधी वाढवायला हवं. लूपरनंतर वाढवलं तर लूपरची स्वतःची खरखरही तितकीच वाढते.

मग माइक आणि लूपरच्या मधे काय लावायचं?

चार-पाच वाटा आहेत. खिशात किती आहेत आणि घरी काय पडलंय, त्यावर निवड करा.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे माइकचा ट्रान्सफॉर्मर-अ‍ॅडाप्टर. अंगठ्याएवढी जाड नळी, एका टोकाला माइकची केबल घेणारं तीन पिनांचं एक्सएलआर, दुसऱ्या टोकाला मोठी पिन. आत बारीकसा ट्रान्सफॉर्मर असतो. तो व्होल्टेज साधारण दहापट म्हणजे २० डेसिबल वाढवतो. वरचे १२ मिलिव्होल्ट त्यातून १२० होऊन निघतात, म्हणजे गिटारच्या पातळीला येतात. त्याला वीज लागत नाही, बॅटरीही लागत नाही. दिसायला अगदी तसेच, पण आत ट्रान्सफॉर्मर नसलेले कनेक्टरही दुकानात मिळतात. त्यांनी फक्त आकार बदलतो, पातळी तिथेच राहते. घेताना 'ट्रान्सफॉर्मरवाला' असं स्पष्ट सांगा.

हा अ‍ॅडाप्टर लूपरच्या बाजूला लावा, माइकच्या बाजूला नको. माइकपासून अ‍ॅडाप्टरपर्यंतची केबल १०-१५ मीटर असली तरी चालते. अ‍ॅडाप्टरनंतर मात्र सिग्नल हाय इम्पिडन्सचा होतो. तिथे लांब साधी केबल लावली की 'स', 'श', 'च' बोथट होतात. आणि ती जड नळी लूपरच्या जॅकमध्ये लोंबकळत ठेवू नका. वेल्क्रोने किंवा टेपने बोर्डाला बांधा, नाहीतर काही महिन्यांत जॅक सैल होऊन आवाज तुटायला लागतो.

दुसरी वाट म्हणजे माइक प्रीअँप किंवा छोटा मिक्सर. प्रीअँप ४० ते ६० डेसिबलपर्यंत गेन (सिग्नलची वाढ) देतो, बहुतेकांवर ४८ व्होल्टचं फँटमही (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) असतं. हळू गाणाऱ्याला किंवा माइकपासून वीतभर लांब बासरी वाजवणाऱ्याला २० डेसिबल पुरत नाहीत, त्यांनी हीच वाट धरावी. एकच माइक लावायचा असेल तर दोन-चार चॅनेलचा मिक्सर पुष्कळ झाला.

तिसरी वाट कित्येकांच्या घरात असते आणि लक्षात येत नाही: वायरलेस माइकचा रिसीव्हर. मोठ्या पिनेचं आउटपुट असलेल्या रिसीव्हरमध्ये प्रीअँप आधीच असतो आणि समोर व्हॉल्यूमचा नॉब असतो. तो पावभर उघडून सरळ लूपरला जोडा आणि हळूहळू वाढवा.

कॉम्प्युटरचा ऑडिओ इंटरफेसही प्रीअँपचं काम करतो. त्यावर डायरेक्ट मॉनिटरची (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ बाहेर देण्याची) सोय हवी, आणि कॉम्प्युटरशिवाय नुसत्या यूएसबी चार्जरवर तो चालू होतो का हे आधी पाहा. त्याचं लाइन आउटपुट गिटारपेक्षा बरंच जोरदार असतं, म्हणून नॉब शून्यावरून सुरू करा.

माझ्याकडे डीआय बॉक्स आहे. तो उलटा लावला तर?

पॅसिव्ह असेल तर चालतो, आणि छान चालतो. डीआय म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला जोडणारा डबा. पॅसिव्ह (वीज न लागणाऱ्या) डीआयच्या आत ट्रान्सफॉर्मरच असतो. गिटारकडून मिक्सरकडे जाताना तो व्होल्टेज उतरवतो, उलट दिशेने तितकंच चढवतो, साधारण २० डेसिबल. तीन गोष्टी पाहा. माइकच्या केबलचं टोकही नर आणि डीआयचं एक्सएलआरही नर, म्हणून मधे दोन्हीकडे मादी असलेला जोड लागतो. पॅडचा (सिग्नल कमी करणारा) स्विच बंद हवा. आणि ग्राउंड लिफ्टचा स्विच 'ग्राउंड'वर हवा, कारण तो 'लिफ्ट'वर राहिला तर माइकच्या केबलची जाळी अधांतरी राहून गुणगुण सुरू होते.

बॅटरीवर किंवा फँटमवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह डीआय उलटा चालत नाही.

केबल स्वतः सोल्डर करायची तर कुठली तार कुठे?

एक्सएलआरच्या आत पिनांचे नंबर कोरलेले असतात, उजेडात धरलं की दिसतात. १ म्हणजे केबलची जाळी, २ म्हणजे गरम, ३ म्हणजे थंड. मोठ्या पिनेकडे: २ टोकाला, १ आणि ३ एकत्र करून अंगाला. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मोठी पिन 'पी-३८ मोनो' या नावाने मागा. एक्सएलआरला बरेच दुकानदार 'कॅनन' म्हणतात.

स्टिरिओ पी-३८ लावण्यात एक फसगत आहे. काही लूपर एकाच भोकातून डावा-उजवा असा स्टिरिओ सिग्नल घेतात. त्यात माइकची बॅलन्स्ड (तीन तारांची) केबल घातली की २ नंबर डावीकडे जातो आणि ३ नंबर, म्हणजे तोच आवाज उलटा होऊन, उजवीकडे. हेडफोनवर आवाज विचित्र पसरट लागतो, आणि एका स्पीकरवर दोन्ही एकत्र आले की जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून मोनोच घ्या.

कंडेन्सर माइक चालेल का?

फँटम देणारा प्रीअँप किंवा मिक्सर मधे असेल तर चालेल. नुसत्या ट्रान्सफॉर्मर-अ‍ॅडाप्टरवर चालणार नाही, कारण ४८ व्होल्ट कुठूनच येत नाहीत. पण लूपिंगसाठी आमचा कौल डायनॅमिकलाच. कंडेन्सर पंखा, रस्ता, लूपरच्या बटणाचा आवाज असं सगळं उचलतो, आणि लूपमध्ये ते सगळं पुन्हा पुन्हा वाजत राहतं.

मोबाइलचा कॉलर माइक किंवा यूएसबी माइक?

कॉलर माइकला फोनकडून दोन-तीन व्होल्ट मिळतात, लूपर ते देत नाही. यूएसबी माइकमधून आवाज आकड्यांच्या रूपात निघतो, लूपरला तो कळत नाही. दोन्ही बाजूला ठेवा.

गेन किती ठेवायचा? मीटर तर कुठेच नाही.

मीटर नसेल तर कानाने लावायचा. कार्यक्रमात जी सगळ्यात जोरकस ओळ म्हणणार आहात तीच म्हणा, बेताने म्हणून उपयोग नाही. प्रीअँपवरचा लाल दिवा त्या ओळीला पेटला की गेन थोडा मागे घ्या, तो अजिबात पेटणार नाही इतका. आता तीच ओळ लूपमध्ये रेकॉर्ड करून ऐका. गाताना स्वच्छ होती पण लूपमध्ये फाटते, असं झालं तर लूपरचं इनपुट भरून वाहतंय. तेव्हा प्रीअँपचा गेन तसाच ठेवून त्याचा आउटपुट नॉब कमी करा. गातानाच फाटत असेल तर दोष प्रीअँपच्या गेनचा, तो उतरवा.

बीटबॉक्सवाल्यांनी यापेक्षा आणखी १० डेसिबल खाली राहावं. किकच्या 'ब'ला माइकवर हवेचा असा धक्का बसतो की गाण्यासाठी लावलेला गेन तिथे टिकत नाही. लो-कटचं (खालचे सूर कापणारं) बटण असेल तर गाण्यासाठी दाबलेलं ठेवा, बीटबॉक्सच्या किकसाठी सोडा.

एका थराला आवाज स्वच्छ असतो, पाच-सहा थर चढले की चिखल होतो. लूपर खराब आहे का?

लूपर बहुधा ठणठणीत आहे. प्रत्येक थराबरोबर त्याची खरखरही आत साठते. दोन थरांत ती ३ डेसिबल वाढते, चार थरांत ६, आठ थरांत ९. एका थरात जी खरखर जाणवतही नाही, ती आठव्या थराला गाण्याच्या शेजारी येऊन बसते. म्हणून पहिल्या थराआधीच साफसफाई करायची: गेन लूपरच्या आधी, पंखा बंद, लो-कट चालू.

दुसरं कारण माइकचं अंतर. ओठ टेकवून गायलं की खालचे सूर फुगतात. एकट्या आवाजाला तो भरदारपणा शोभतो, पण सहा थरांचा मिळून नुसता घुमा होतो. मुख्य सुराचा थर जाळीला टेकून घ्या आणि साथीचे थर चार बोटं लांबून. इतक्या फरकानेही थर एकमेकांपासून सुटे ऐकू येतात.

दुसरा थर घेताना आधीचा लूप मोठा होत जातो आणि डब्यातून आल्यासारखा वाजतो.

गिटारवर हा प्रकार होत नाही, माइकवर हमखास होतो. ओव्हरडब (जुन्या लूपवर नवा थर रेकॉर्ड करणं) चालू असताना स्पीकरमधून वाजणारा लूप माइकमध्ये शिरतो आणि आधीच्या लूपवर पुन्हा रेकॉर्ड होतो. समजा, स्पीकरचा आवाज माइकमधून निम्म्या ताकदीने परत येतोय. मग ज्या सुरांना दोन्ही लाटा जुळतात ते प्रत्येक फेरीला दीडपट होतात, आणि चार फेऱ्यांत पाचपट. ज्यांना जुळत नाहीत ते खाली जातात. आवाज डब्यातला लागतो तो यामुळेच. पुढची पायरी म्हणजे शिट्टी.

उपाय याच क्रमाने करा. ओळ संपली की त्याच फेरीत ओव्हरडब बंद करा. बरेच जण गाणं थांबवतात पण बटण दाबायचं विसरतात, आणि माइक खोलीचा आवाज गिळत राहतो. मग स्पीकरची जागा बदला. एसएम५८सारखा कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोबर माइकच्या शेपटीच्या दिशेला हवा. जाळी मुठीत धरून गाऊ नका, त्याने माइकचं हे पाठीमागचं बहिरेपण जातं. घरी सराव करताना हेडफोन लावलेत तर प्रश्नच संपतो.

माइकवरच्या ऑन-ऑफ बटणाने काम भागवू नका. त्याचा 'टक्' लूपमध्ये कायमचा बसतो.

गिटार आणि आवाज एकाच लूपरमध्ये घ्यायचे आहेत.

लूपरला ए आणि बी अशी दोन इनपुटं असतील, उदाहरणार्थ बॉस आरसी-१, तर ए मध्ये गिटार आणि बी मध्ये अ‍ॅडाप्टरमधून आलेला माइक लावा. बाहेरही दोन केबली काढा: ए गिटारच्या अँपला, बी पीएला (कार्यक्रमाच्या स्पीकरना). दोघांचे रस्ते शेवटपर्यंत वेगळे राहतात. लूप मात्र दोघांचा एकच, म्हणजे थर पुसला तर दोन्हीचा पुसला जातो. बाहेर एकच केबल लावलीत तर दोघं मिसळून येतील.

इनपुट एकच असेल तर आधी मिक्सरमध्ये दोघांना एकत्र करून मग लूपरमध्ये न्यायचं. तिथे चूक होते ती गिटार मिक्सरच्या लाइन इनपुटला लावण्याची. ते इनपुट दहा-वीस किलोओहमचं असतं. साध्या पिकअपवर त्याचा भार पडतो आणि तारांची चमक जाते. मधे डीआय लावा, किंवा मिक्सरवर हाय-झेडचं (गिटारसाठीच्या हाय इम्पिडन्स इनपुटचं) बटण असेल तर ते दाबा. आत प्रीअँप आणि बॅटरी असलेल्या अकूस्टिक गिटारला ही अडचण नाही.

मिक्सरच्या ऑक्समधून लूपरला पाठवलं, तर माझा आवाज पोकळ येतो.

ऑक्स म्हणजे मिक्सरमधून वेगळा सिग्नल बाहेर पाठवायची वाट. तुमचा आवाज दोनदा येतोय: एकदा मिक्सरच्या चॅनेलमधून आणि एकदा लूपरमधून फिरून. डिजिटल लूपरमधून जाताना त्याला किंचित उशीर होतो. एक मिलिसेकंदाच्या उशिरानेही ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झला खड्डे पडतात, आणि माणसाच्या आवाजाचा गाभा तिथेच असतो. लूपरवर थेट आवाज बंद करण्याची सोय असेल तर ती चालू करा, म्हणजे त्यातून फक्त लूप बाहेर येईल. नसेल तर ऑक्स प्री-फेडर (फेडरच्या आधीच सिग्नल घेणारा) करून माइकच्या चॅनेलचा फेडर (आवाजाचा सरकता नॉब) पूर्ण खाली घ्या. मग आवाज फक्त लूपरच्या वाटेने येतो.

आणि लूपर ज्या चॅनेलवर परत आणलाय त्याचा ऑक्स शून्यावर आहे ना, हे रोज पाहा. तो चुकून उघडा राहिला तर लूपर स्वतःलाच ऐकायला लागतो आणि क्षणात किंचाळतो.

लूपर गिटारच्या अँपला लावला, आवाज घोंगडीखालून येतो.

गिटारच्या अँपचा स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या पुढे फारसं वाजवत नाही. गिटारला ते मानवतं, माणसाच्या उच्चारांना नाही. पीए, कीबोर्ड अँप किंवा अकूस्टिक अँप वापरा.

गुणगुण येते. कुठून शोधायला सुरुवात करू?

आधी पॉवरपासून. लूपर बॅटरीवर चालत असेल तर अ‍ॅडाप्टर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर दोषी अ‍ॅडाप्टर. एकाच अ‍ॅडाप्टरवर साखळी करून प्रीअँप, लूपर आणि रिव्हर्ब (घुमारा देणारं पेडल) चालवले की डिजिटल पेडलची चिरचिर दुसऱ्यांत घुसते, म्हणून लूपरला वेगळा अ‍ॅडाप्टर द्या. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट आणि मधली पिन ऋण अशी लागते. राउटरचा अ‍ॅडाप्टर बहुधा नेमका उलटा असतो, तो बसतो म्हणून लावू नका.

बॅटरीवरही गुणगुण राहिली तर अर्थिंगचा फेरा पाहा. अँप एका बोर्डावर आणि मिक्सर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर असेल तर दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर घ्या. त्याने गेली नाही तर लूपर आणि मिक्सरच्या मधे डीआय सरळ लावून त्याचा ग्राउंड लिफ्ट करा. गुणगुण घालवायला प्लगची अर्थची पिन तोडणं किंवा टेपने झाकणं कधीही करू नका. माइकची लोखंडी जाळी तुमच्या ओठाला लागते, आणि मिक्सरमध्ये बिघाड झाला तर ते २३० व्होल्ट तुमच्यामार्फत जमिनीत जातील.

बटण दाबल्याचा 'खट्' लूपमध्ये ऐकू येतो.

माइकचा स्टँड आणि लूपर एकाच लाकडी फळीवर असतील तर धक्का स्टँडच्या नळीतून चढून माइकपर्यंत जातो. लूपरखाली जाड रबरी पायपुसणं टाका, स्टँड फळीवरून खाली उतरवा, आणि टाच जमिनीवर टेकवून चवड्याने दाबा.

तालात लूप बसत नाही, दर आवर्तनाला गचका येतो.

पहिल्यांदा समेवर दाबायचं आणि दुसऱ्यांदाही पुढच्या समेवरच. शेवटची मात्रा संपली असं वाटून दाबलं तर लूप थोडा तोकडा पडतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत केरव्याचं आवर्तन ४ सेकंदांचं, रूपकाचं साडेतीन, तीनतालाचं ८. बोलताना चालून जाणारी एवढीशी चूक इथे दर आवर्तनाला ऐकू येते. लूपरमध्ये ४/४च्या बारला आपोआप चिकटण्याची सोय असेल तर रूपकासाठी ती बंद करा, नाहीतर तो सातव्या मात्रेनंतर आठवी घुसडेल.

तानपुऱ्याचा किंवा 'आ'काराचा धरलेला सूर लूप केला तर जोडावर टिचकी ऐकू येते. बटण दाबण्याच्या आधीपासून सूर लावा आणि दुसऱ्यांदा दाबल्यावरही क्षणभर धरून ठेवा. श्वास जोडावर येऊ द्यायचा नाही.

रिव्हर्ब लूपरच्या आधी की नंतर?

आधी लावला तर प्रत्येक थर आपापल्या रिव्हर्बसकट गोठतो, पुढे बदलता येत नाही. नंतर लावला तर सगळ्या थरांवर एकच रिव्हर्ब बसतो आणि थर एका खोलीतले वाटतात. आवाजाच्या लूपिंगला आम्ही नंतर लावायला सांगतो. हार्मनी किंवा ऑक्टेव्ह (जोडीला दुसरा सूर देणारा इफेक्ट) मात्र आधीच हवा, म्हणजे एका थराला घेता येतो आणि दुसऱ्याला सोडता येतो.

लूपर अजून घेतलेलाच नाही. माइकसाठी कुठला पाहू?

मग एक्सएलआरचं भोक असलेलाच घ्या, वरची निम्मी पायपीट वाचेल. बॉसच्या आरसी-३० आणि आरसी-५०५ला एक्सएलआर आणि फँटम दोन्ही आहे. टीसी हेलिकॉनचा डिट्टो माइक लूपर खास आवाजासाठीच आहे. जुन्या बाजारात बॉस आरसी-२० दिसला तर त्याला गिटारशेजारी माइकसाठी वेगळं मोठ्या पिनेचं इनपुट आहे हे लक्षात ठेवा. त्यावर फँटम नाही, डायनॅमिक माइक मात्र सरळ लागतो. गिटार आधीच लूपरमध्ये घेत असाल आणि आवाज फक्त कधीमधी लागणार असेल, तर आहे तो लूपर आणि ट्रान्सफॉर्मर-अ‍ॅडाप्टर पुरेसा आहे.

कार्यक्रमाला साउंडवाल्याला काय सांगायचं?

लूपरचं आउटपुट अनबॅलन्स्ड (दोनच तारांचं) असतं, पाच-सहा मीटरच्या पुढे ते ओढू नका. त्याच्याकडून डीआय मागा आणि तो लूपरजवळच ठेवा. मोठी पिन ते एक्सएलआर अशी नुसती केबल त्याने पुढे केली तर घेऊ नका. मिक्सरवर फँटम चालू असेल तर ते व्होल्टेज त्या केबलमधून तुमच्या लूपरच्या आउटपुटवर येतं. डीआय लावला की ते तिथेच अडतं. चॅनेलला 'आवाज' असं नाव देऊ नका, 'लूपर' द्या. नाहीतर तो तुमच्या गळ्याला हिशेबात धरून कंप्रेसर लावतो, आणि चार थर एकत्र वाजायला लागले की सगळंच दाबलं जातं. साउंडचेकला एकटा आवाज देऊन थांबू नका. पूर्ण थर चढवून, वर गाऊन दाखवा, आणि त्याच पातळीला फेडर लावून घ्या.